चवदार तळ्याहून परतल्यावर

डिसेंबर लागला की भिलाईत सकाळ उशिरा उजाडते. सूर्य वेळेवरच येत असणार, पण स्टील प्लांटचा धूर आणि थंडीचं धुकं एकमेकांत असं काही मिसळतं की शाळेची प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावरचे दिवे मालवावेत की राहू द्यावेत, हे कोणालाच ठरवता येत नाही. सिव्हिक सेंटरजवळ तिबेटी बायका स्वेटरांचे ढीग मांडून बसतात. पेरूवाला सायकलला टोपली बांधून सेक्टरभर ओरडत फिरतो, "जाम ले लो, जाम!" पेरूला इथं जाम म्हणतात. लग्न होऊन नवी आलेली एखादी मराठी सून जॅमची बरणी घ्यायची म्हणून बाहेर येते आणि हसत पेरू घेऊन आत जाते. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, पेपर तपासून आम्हा शिक्षकांची बोटं लाल झालेली असतात, आणि शाळेत सहलींचा मोसम सुरू होतो.

यंदा मुलं चित्रकोटचा धबधबा बघायला गेली. मी गेले नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण बस सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिले. डिझेलचा वास, संत्र्यांचा वास, कोऱ्या बुटांचा वास. एक आई टाचा उंचावून खिडकीतून डबा आत देत होती. "सब के साथ बाँट के खाना, बेटा," ती म्हणाली. सगळ्याच आया हे म्हणतात. मीही माझ्या मुलाला म्हणत असे. बस वळणावरून दिसेनाशी झाली, वॉचमननं फाटक लोटलं, तरी मी तिथंच उभी होते. मला दुसरी एक बस आठवत होती, दुसरा एक हिवाळा, आणि जुई आणि स्नेहल.

मी या शाळेत सामाजिक शास्त्र शिकवते. माझे वडील गोंदियाकडच्या एका खेड्यातून, धानाची शेती भावांवर सोडून, प्लांटमध्ये लागले. मी जन्मले ती सेक्टरच्या क्वार्टरमध्येच. आमच्या एका बाजूला मलयाळी कुटुंब होतं, दुसऱ्या बाजूला बिहारी, समोर तेलुगू, मागे छत्तीसगढी. कोणाच्या आडनावाचा कोणाला अर्थ लागत नसे. नवा शेजारी आला की बाबा विचारत, "कोणत्या डिपार्टमेंटला?" कोक ओव्हन म्हटलं की तो माणूस उष्णतेत काम करणारा, रेल मिल म्हटलं की पाळीची ड्युटी करणारा. माणसाची तेवढी ओळख पुरत असे. गावाकडून काका आले की ते मात्र वेगळे प्रश्न विचारत. बाबा त्यांना म्हणत, "इथं तसं नाही चालत रे भाऊ." ते हे फार अभिमानानं म्हणत. मी तो अभिमान तसाच्या तसा घेतला होता. आजही तो पुरता टाकवत नाही.

जुई आणि स्नेहल नववीत माझ्या वर्गात होत्या. जुई सेक्टर दहाची, वडील प्लांटमध्ये अधिकारी. स्नेहल चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, वडील मालगाड्या जुळवणाऱ्या मार्शलिंग यार्डात. वर्गात सगळं हिंदीत चाले. मराठी बोलणाऱ्या या दोघीच. त्यामुळे मराठी ही त्यांची गुप्त भाषा झाली होती. गणिताच्या सरांच्या केसांबद्दल, कोणाच्या चुकलेल्या उत्तराबद्दल, त्या सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलत आणि कोणाला काही कळत नसे. मी वर्गात शिरले की मात्र गप्प होत, कारण मला कळे. एकदा फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागून ऐकलं, "मॅमची साडी आज कितीऽऽ पिवळी आहे न." मी न वळता म्हटलं, "हळदीची आहे." नंतर बराच वेळ मागच्या बाकावर दाबलेलं हसू चाललं होतं.

मधल्या सुट्टीत डबा एकच व्हायचा. स्नेहलची आई पातोड्या फार छान करायची. बेसनाच्या तिखट वड्या, रस्सा वेगळ्या छोट्या डब्यात. जुई त्या सगळ्या फस्त करायची आणि स्नेहलसमोर स्वतःचे पराठे सरकवायची. पालकसभेत जुईची आई मला कौतुकानं सांगत होती, "मी आता दोघींपुरतंच देऊन राहिली डब्यात. माही पोरगी तर स्नेहलच्या मम्मीच्याच हातचं खाऊन येते." दोघी आठवीत असताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं स्नेहलच्या आईलाही बोलावलं होतं. मीही तिथं होते. स्नेहलची आई कोपऱ्यात अवघडून बसलेली, आणि जुईची आई तिला हाताला धरून बायकांच्या मधोमध आणून बसवत होती. "अवो, आपल्या मराठी बाया इथं आहेतच किती!"

त्या हिवाळ्यात सहलीची जबाबदारी माझ्याकडे आली. दरवर्षीच्या बागा आणि धबधबे मला नको होते. नागरिकांचे हक्क हा धडा मी वर्षानुवर्षं खडूनं शिकवत आले होते. एकदा तरी मुलांना तिथं न्यावं जिथं ते हक्क माणसांनी पायी चालत जाऊन घेतले, असं मनात होतं. मी महाडचं नाव पुढे केलं. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहाँ है क्या, मैडम?"

"तालाब है, सर."

"तालाब?" ते हसलेच. "तालाब तो हमारे यहाँ हर गाँव में है."

खरंच होतं ते. छत्तीसगढमध्ये तळ्यावाचून गाव नाही. तरिया म्हणतात इथं. कमळं, म्हशी, कपडे धुणाऱ्या बायका. सरांना मी म्हटलं, "हो सर, म्हणूनच. आपल्या मुलांना तळं माहीत आहे. तळ्यावर पाणी प्यायला मनाई असते, हे माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग परवानगी दिली. चांगला माणूस होता.

दुर्गहून गाडी, पुण्याला मुक्काम, आणि तिथून बस. घाटात निम्म्या मुलांना उलट्या झाल्या. आमचे खेळाचे साहू सर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लिंबं घेऊन पुढून मागे, मागून पुढे फिरत होते. जुईचं डोकं स्नेहलच्या मांडीवर होतं आणि स्नेहल तिच्या नाकाशी संत्र्याची साल धरून होती. सह्याद्री बघून आमची सपाटीवरची पोरं चूप झाली होती. खिडकीतून दरी दिसली की एकदम "अरे बाप रे" आणि मग पुन्हा शांतता.

महाडला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तळं बघून मुलं हिरमुसली. "बस? इतना ही?" कोणीतरी म्हणालं. गावाच्या मध्यावर तळं, भोवती घरं, दुकानं, स्कूटरचे हॉर्न. पायऱ्या, कठडा, हिरवट पाणी. मी त्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि सांगितलं. कायद्यानं हे तळं सगळ्यांना खुलं झालं होतं, पण कायदा कागदावर होता आणि पाणी इथं होतं. गुरंढोरं इथं पाणी प्यायची, कुत्री प्यायची. काही माणसांनी मात्र प्यायचं नाही असं होतं. मग एके दिवशी ती माणसं हजारोंनी चालत आली, याच पायऱ्या उतरली, आणि ओंजळीनं पाणी प्यायली. तेवढंच केलं त्यांनी. त्यासाठी नंतर त्यांना मारलं. आणि तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करून घेतलं.

"पानी को शुद्ध कैसे करते हैं, मैम?" एका मुलानं विचारलं. त्याला फिल्टर आठवत असावा.

मी सांगितलं. शेण, गोमूत्र, मंत्र. मुलं खदखदून हसली. तोंडं वाकडी केली. मला त्यांच्या हसण्याचा इतका आनंद झाला! वाटलं, यांना हे हास्यास्पद वाटतंय, म्हणजे आपण जिंकलोच की.

तेव्हा स्नेहल उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. वर्गात ती कधी आपण होऊन हात वर करत नसे. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हिंदीत बोलू लागली. म्हणाली, माझे आजोबा सांगतात, भंडाऱ्याकडे आमचं गाव आहे, तिथं माझी पणजी विहिरीजवळ घागर घेऊन बसून राहायची. तिला विहिरीला हात लावता यायचा नाही. कोणाला दया आली तर ते वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचे. कधी कधी दुपार व्हायची. इथली बातमी गावात पोचली तेव्हा पणजोबांनी ती सगळ्यांना गोळा करून सांगितली. वाचता येत नव्हतं त्यांना, कोणाकडून तरी ऐकली होती. "और फिर मेरी परदादी ने बोला," स्नेहल म्हणाली, आणि ती हसत होती, "कि अब मैं किसी के लिए नहीं बैठूँगी."

तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. घरातला ठेवणीतला दागिना पहिल्यांदाच कोणाला दाखवावा, तशी ती उभी होती. मग टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी जुईनं वाजवल्या. तिनं धावत येऊन स्नेहलला मिठी मारली आणि दोघी हातात हात घालून पायऱ्या उतरल्या. वाकून ओंजळीत पाणी घेतलं. पिण्यासारखं नव्हतंच ते, त्यांनी एकमेकींच्या अंगावर उडवलं. मग सगळीच पोरं उतरली, साहू सर ओरडत राहिले, "गिरोगे! गिरोगे!" आणि मी वर उभी राहून बघत होते. शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस थोडे येतात. त्या दिवसाला आजही मला वाईट म्हणता येत नाही, हीच अडचण आहे.

परतीच्या गाडीत दोघी एका चादरीत बसून खिडकीतून पळणारी शेतं बघत होत्या. वर्धा, नागपूर, मग गोंदिया. धानाची कापलेली रिकामी शेतं दिसू लागली की आपला मुलूख आला हे कळतं.

जुईनं घरी सगळं सांगितलं. सांगणारच. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, एवढं पाहून आलेली, मैत्रिणीचा अभिमान वाटणारी. जेवताना सांगितलं असेल, तोंडात घास असताना, हातवारे करत. मी किती वेळा ते दृश्य डोळ्यांपुढे आणलंय. ती बोलते आहे, तिची आई वाढते आहे, आणि वाढणारा हात मध्येच थांबतो.

सुरुवातीला माझ्या काही लक्षातच आलं नाही. जुई पुढच्या बाकावर बसू लागली. फळा दिसत नाही, असं तिच्या आईनं फोन करून सांगितलं होतं. मग मधल्या सुट्टीत दिसलं की दोघी शेजारी बसल्यात, पण डबे दोन आहेत. मग शेजारी बसणंही गेलं. एकदा मी वर्गात शिरले तर मागच्या बाकावर स्नेहल एकटीच बसून पातोडीचा तुकडा रश्श्यात बुडवत होती आणि जुई पुढे पाठ करून पराठा खात होती. दोघींच्या मध्ये रिकामे बाक. मराठीत कोणीच बोलत नव्हतं.

मी जुईला स्टाफरूमबाहेर बोलावलं. काय झालं विचारलं. ती आधी काही नाही म्हणाली. मग रडायलाच लागली.

"मम्मी म्हणते, डबा खायचा नाही तिचा. मैंने पूछा कावून, तर म्हणते तसंच. माझा डबा पण वेगळा घासून ठेवते आता."

"पप्पा काय म्हणतात?"

"पप्पा म्हणतात, मम्मीशी वाद घालू नको." तिनं बाहीनं नाक पुसलं. आणि मग तिनं जे विचारलं ते मला अजून ऐकू येतं. "मॅम, आपण तिथं गेलोच नसतो तर?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतकी वर्षं मी हक्कांचा धडा शिकवत होते, कोणत्या कलमात काय लिहिलंय हे मुलांकडून पाठ करून घेत होते. डबा वेगळा घासण्याबद्दल कुठल्याच कलमात काही नाही.

संक्रांत आली. जुईच्या आईचं हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं, आणि मी मुद्दाम गेले. सेक्टर दहाच्या त्या बंगलीच्या अंगणात शेवंती फुलली होती. आत बायका, हलव्याचे दागिने घातलेलं कोणाचं तरी बाळ, अत्तराचा वास. जुईच्या आईनं माझं कुंकू लावून स्वागत केलं, तिळाच्या वड्या दिल्या, प्लॅस्टिकचा सुंदर डबा वाण म्हणून हातात ठेवला. बायका पांगल्या तसं मी विचारलं, "ताई, स्नेहलची आई नाही दिसली?"

"त्यांच्यात नसते न करत हळदीकुंकू," ती सहज म्हणाली.

"मागच्या वर्षी तर आल्या होत्या."

"मागच्या वर्षी आमाले कुठं माहीत होतं? आडनाव तं आमच्यातबी असते तेच." तिनं आवाज खाली केला. त्यात राग नव्हता, उलट सूर मला विश्वासात घेतल्यासारखा होता. "मॅडम, आम्ही तसं काही मानत नाही. आमच्या यांच्या ऑफिसात सगळ्या जातीचे लोक आहेत, सगळ्यांसोबत जेवतात हे. पण लपवायचं कावून? आधी सांगायला पाहिजे होतं न."

"कोणी विचारलं नव्हतं, ताई. आणि त्यांनी लपवलं असतं तर स्नेहल सगळ्यांसमोर बोलली असती का?"

"तेच तं. असं चारचौघांत सांगायची गरज काय होती?" तिनं कप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही चहा घ्या न, थंड होऊन राहिला."

लपवलं तरी चुकलं आणि सांगितलं तरी चुकलं. ती ओरडली असती, वाईट बोलली असती, तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ती हसून चहा देत होती, मी घोट घेतला की नाही बघत होती, माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी करत होती. धरायला हाताशी काहीच नव्हतं. मी बोलले तरी पुष्कळ. माणुसकी, मुलींची मैत्री, शिक्षण. ती सगळ्याला मान हलवत राहिली. "बरोबर आहे तुमचं, मॅडम. एकदम बरोबर." निघताना तिनं दारापर्यंत येऊन पुन्हा कुंकू लावलं. बाहेर गाडीच्या आरशात माझं कपाळ दिसलं आणि मला ते पुसावंसं वाटलं. पुसलं नाही, कारण ती अजून दारातच उभी होती, हात हलवत.

मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "मैडम, किसी ने किसी को कुछ कहा क्या? गाली दी? मारा?" नाही. "तो मैं क्या करूँ? कौन किसके साथ टिफिन खाए, इसका आदेश कैसे निकालूँ?" तेही खोटं बोलत नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "हमारे गाँव के तालाब में आज भी घाट अलग हैं, मैडम. मैं ने उस दिन आप को बताया नहीं."

मग मी प्रकल्पासाठी दोघींना एका गटात घातलं. एकत्र काम करतील, बोलतील. तिसऱ्याच दिवशी जुईच्या वडिलांचा नम्र फोन आला: मुलगी अभ्यासात मागे पडतेय, दुसऱ्या तुकडीत गणिताचे सर चांगले आहेत, तिकडे घालता येईल का? जागा होती. जुई गेली. जाताना ती माझ्या पाया पडली. स्नेहलकडे तिनं पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती तिच्यात, आणि त्या वयाच्या मुलीकडे ती कुठून असणार, आईच्या घरात राहून, आईच्या हातचं खाऊन?

राहिली स्नेहल. तिनं मला काहीच विचारलं नाही, पार फेब्रुवारीपर्यंत. पळस फुलायला लागला होता. एकदा वर्ग सुटल्यावर ती फळा पुसायला थांबली. नीट, वरपासून खालपर्यंत पुसला. मग मागे न वळता म्हणाली, "मॅम, मी तिथं बोलायला नको होतं का?"

मी म्हटलं, "नाही ग. तू बोललीस ते फार सुंदर होतं. चूक तुझी नाही."

"मग कोणाची आहे?"

त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं. शिक्षक उत्तर देतोच. समाजाची, जुन्या सवयींची, अज्ञानाची. माझे शब्द बाहेर पडत होते आणि रिकाम्या वर्गात खडूच्या धुळीसारखे खाली बसत होते. तिनं ऐकून घेतलं. "हो मॅम," म्हणाली आणि डस्टर जागेवर ठेवून गेली.

मला राहवलं नाही, म्हणून मी एका रविवारी चरोद्याला गेले. रेल्वेचं क्वार्टर, बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, यार्डातून डबे जोडल्याचा धडाका येत होता. स्नेहलचे वडील नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी कसंबसं बोलायला सुरुवात केली, मला फार वाईट वाटतं, सहल मीच काढली होती. त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"मॅडम, तुम्ही मनाले लावून नका घेऊ. तुम्ही चांगलंच केलं. आमाले सवय आहे. तिले नव्हती, एवढंच." ते दाराकडे बघत बोलत होते. "मी गाव सोडलं तं वाटलं, आता इथं कोणी विचारत नाही, पोरीले कशाला सांगायचं? पण बुढा ऐकत नाही न. तिचा आजा. म्हणते, सांगितलंच पाह्यजे, आपण कोण आहो ते. तोही खरं बोलते. मी काय करू सांगा?"

आतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला. स्नेहलच्या आईनं चहा आणला आणि ती जरा घुटमळली, माझ्यासमोर कप ठेवावा की नाही अशी. मागच्या वर्षी कधीच घुटमळली नसती. मी उठून तिच्या हातातून कप घेतला. चहा फार गरम होता, मी तो तसाच प्यायले, जीभ पोळली. एवढंच करता आलं मला तिथं.

त्यानंतर मी पुन्हा मुलांना महाडला नेलं नाही. कोणी मना केलं नाही. मला स्वतःलाच ठरवता आलं नाही. न्यायला हवं, असं डोकं म्हणतं. मग मी वर्गावर नजर फिरवते. मागच्या बाकावर कोणीतरी दोन पोरं एका डब्यात बोटं घालून खात असतात, त्यांना एकमेकांबद्दल काही माहीत नसतं, आणि माझा हात खडूकडे जातो आणि थांबतो. माहीत नसण्यावर उभी असलेली मैत्री ती कसली, असं कोणी म्हणेल. मीही म्हणते. पण त्या दोघी मुलींना हे म्हणून दाखवायला मला कधी जमलं नाही.

वर्षं गेली. दोघी मोठ्या झाल्या. स्नेहल रायपूरला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कधीमधी फोन करते, माझ्या गुडघ्यांचे व्यायाम सांगते, मी केले नाहीत तर रागावते. जुई पुण्याला नोकरी करते.

यंदा दिवाळीनंतर जुईचा फोन आला. लग्न ठरलं होतं. आवाज तोच, फक्त मराठी आता पुणेरी झालेली. "मॅम, तुम्ही यायचंच." मग, "मॅम, स्नेहलचा नंबर आहे का तुमच्याकडे? मला तिला बोलवायचंय. मला खूप काही बोलायचंय तिच्याशी."

मी नंबर शोधायलाही लागले. लगेच देणार होते, पण म्हटलं, तिला विचारून देते.

स्नेहलला मी त्याच दिवशी विचारलं. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नको, मॅम."

"तिला पश्चात्ताप झालाय ग. लहान होती ती."

"मी पण लहान होते, मॅम." ती हे कडवटपणे म्हणाली नाही. "राग नाही माझा. खरंच नाही. पण ती रडणार, मग मी तिला समजावणार, की अगं जाऊ दे, तुझी चूक नव्हती. ते आता माझ्यानं होणार नाही." आणि मग लगेच, "तुम्ही व्यायाम करताय ना?"

मी करते म्हटलं.

जुईला परत फोन लावायला मला दोन दिवस लागले. ती तेव्हा सेक्टर दहाला, घरी आलेली होती. पत्रिका, साड्या, सगळी गडबड मागे ऐकू येत होती. मी सांगितलं, स्नेहल नको म्हणते आहे. तू मनाला लावून घेऊ नको.

ती गडबडीपासून जरा बाजूला गेली असावी. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं तिनं? कशी आहे वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं, मॅम. विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

मागून तिच्या आईचा आवाज आला, तसाच मोकळा, प्रेमळ, घाईतला. "जुई, कोणाचा फोन आहे गं?"

जुईनं फोनवर हात ठेवला असावा, पण मला ऐकू आलं.

"कोणाचा नाही, मम्मी."